साधुत्वाची पारख

माणसाच्या अंगचें खरें साधुत्व ओळखावें कसें, हा प्रश्न आमच्या घरांत एकदां जेवणाच्या पंक्तीलाच उभा राहिला. तो उभा करणारी होती आमची धाकटी काकू. अर्थात् तिला स्वतःला त्याची कल्पनाहि नव्हती.

त्या दिवशीं एक नामांकित प्रवचनकार बुवा आमच्याकडे भोजनास आले होते. वाणी रसाळ, मुद्रा प्रसन्न, आणि डोळे मिटून बसण्याची लकब तर अशी कीं, पाहणारानें आपोआप आपला आवाज खालीं आणावा. त्यांच्या पानाभोंवतीं आम्ही हौसेनें रांगोळी काढविली होती. वाढप सुरू झालें, आणि काकू भातावरणाचें पहिलें ताट घेऊन बुवांच्या पुढून सरळ ओसरीवर गेली. तेथें बुवांची पेटी वाहून आणणारा दहा-अकरा वर्षांचा पोर भिंतीला टेकून बसला होता. "सकाळपासून पोटांत कांहीं नाहीं त्याच्या," एवढेंच ती परत येतां येतां म्हणाली, पण चांगलें मोठ्यानें. बुवा मंद हंसले. मान खालीं गेली ती आमची. रात्रीं पाहुण्यांचा मान कसा राखावा यावर आम्ही तिला चार शब्द सुनावले. तिनें आम्हांस सहा सुनावले.

काकूविषयीं आमचें मत त्या काळीं फारसें बरें नव्हतें. जीभ धारदार, हिशेब चिकट, आणि सांजवात लावण्यापलीकडे देवाधर्माशीं संबंध नाहीं. आम्ही मात्र रोज सायंकाळीं मातोश्रींना ज्ञानेश्वरी वाचून दाखवीत असूं, व त्याचें थोडेंसें समाधान बाळगून असूं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुन विचारतो कीं, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? प्रश्न अगदीं आपल्या संसारी माणसांचा: बाहेरून दिसेल अशी कांहीं खूण सांगा! श्रीकृष्णांचें उत्तर मात्र जवळजवळ सारें आंतलें आहे. कामना सुटणें, दुःखांत न डळमळणें, कांसवासारखीं इंद्रियें आवरून घेणें. यांतलें शेजाऱ्याला काय दिसणार? शंकराचार्यांनीं या ठिकाणीं भाष्यांत एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. सिद्धाचीं जीं लक्षणें, तींच अध्यात्मशास्त्रांत साधकाला साधनें म्हणून उपदेशिलेलीं असतात. म्हणजे हा गज आपल्याला दिला आहे तो स्वतःला मोजण्यासाठीं, दुसऱ्याला नव्हे. पण गृहस्थाची अडचण एवढ्यानें सुटत नाहीं. घरांत कोणाला घ्यावें, मुलांना कोणाच्या पायांवर डोकें ठेवावयास सांगावें, हें त्याला ठरवावेंच लागतें.

वेष हें माप सर्वांत सोपें, म्हणूनच सर्वांत फसवें. गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या, हातांत खराटा आणि जवळ मातीचें गाडगें. गांवांत शिरले कीं आधीं रस्ते झाडावयाचे, कीर्तन मागाहून. आपला कोणी शिष्य नाहीं, असें ते स्पष्ट सांगत. आतां चिंध्यांचीहि नक्कल करतां येते, आणि लोक ती करतातहि. परंतु पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभ्या कराव्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवालीं करून मोकळें व्हावें, याची नक्कल करणें कठीण. उभारलेल्या वास्तूवरून हात काढून घेणें हें भगवीं वस्त्रें पांघरण्याइतकें सोपें नाहीं.

आमच्या मातोश्री शेवटचे अकरा महिने अंथरुणाला खिळून होत्या. दिवसा शुश्रूषेला माणसें पुष्कळ असत. आम्ही वाचीत असूं, सुना पथ्यपाणी पाहत, पाहुणे येऊन चौकशी करून जात. रात्रींचें काय होतें, हें आम्ही कधीं विचारलेंच नव्हतें. एके रात्रीं झोंप मोडली म्हणून आम्ही माजघरांत डोकावलों. काकू मातोश्रींचें ओलें अंथरूण बदलीत होती आणि बदलतां बदलतां रागें भरत होती. "हांक मारायला काय झालं होतं तुम्हांला? थंडीत असं पडून राहायचं? माझी कसली आली आहे लाज!" तिच्या आवाजांत मार्दव असें मुळींच नव्हतें. आणि मातोश्री, ज्यांना आमच्या ज्ञानेश्वरीनें पुष्कळदां केवळ डुलकी येई, त्या अंधारांत हंसत होत्या. आम्ही पाऊल न वाजवितां परत फिरलों. आंत जाऊन हात लावावा, हें सुचलें नाहीं असें नाहीं. धीर झाला नाहीं.

याला अध्यात्म म्हणावें कीं नुसता मायाळूपणा, असा वाद आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं पुढें घातला. त्यांचें म्हणणें असें कीं, जिला क्रोध आवरत नाहीं तिला साधु कसें म्हणावें? आम्हांला त्यावर सरळ उत्तर देतां आलें नाहीं, अजूनहि येत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, त्या क्रोधांत तिनें स्वतःसाठीं मागितलेलें कांहीं नव्हतें, आणि बुवांच्या त्या प्रसन्न मुद्रेला मात्र पहिलें पान हवें होतें.

अखेरच्या दिवशीं आम्ही गंगेच्या पाण्याचा गडू घेऊन उशाशीं बसलों होतों. मातोश्रींनीं डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलें, आणि अगदीं हलक्या आवाजांत विचारलें, "धाकटी कुठं आहे?" गडू आम्ही काकूच्या हातीं दिला.

तेरावा उरकल्यावर, मनांत बरीच जुळवाजुळव करून आम्ही तिला म्हटलें, "काकू, आमची तुम्हांला ओळखण्यांत चूक झाली." ती तांदूळ निवडीत होती. वर न पाहतांच म्हणाली, "ते राहूं दे. उद्यां दळण संपतं आहे, गिरणीचं तेवढं लक्षांत ठेव."