पांढरकवडा : तलवार ठेवल्यावर पुढे काय?

यवतमाळहून पांढरकवडा साधारण ६० ते ६५ किलोमीटर. वाटेत कापसाची आणि तुरीची शिवारे, पुढे सागवानाचे जंगल. बहुतेक प्रवासी इकडे टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पाहायला येतात. आम्ही मुलांना घेऊन निघालो ते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका लढाईचा मुलूख दाखवायला.

इथे जवळच, शिवणी येथे, १७ एप्रिल १८१८ रोजी कर्नल अ‍ॅडम्सच्या इंग्रज फौजेने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना गाठले. पेशव्यांना चांद्याकडे जायचे होते, पण वाटा अडवल्या गेल्या होत्या. तोफा मागे टाकून फौज उधळली. पेशवे निसटले, जूनमध्ये शरण गेले आणि वर्षाला ८ लाख रुपयांच्या पेन्शनीवर बिठूरला राहिले.

हे ऐकून धाकट्याने विचारले, "अब्बू, पेशव्यांना पेन्शन मिळाली, मग शिपायांना काय मिळाले?"

प्रश्न खरा होता. त्या काळच्या फौजांत मराठे होते, अरब होते, पठाणही होते. लढाई संपली की पगार संपे. ज्याचे शेत होते तो शेताकडे वळला. ज्याचे काहीच नव्हते त्याने पुन्हा कुणाची तरी चाकरी धरली. उमरखेडच्या पलीकडे, पैनगंगेच्या दक्षिणेला नाव्हा गाव आहे. तिथल्या गढीत नोवसाजी नाईकांच्या पदरी असे अनेक अरब शिपाई होते. जानेवारी १८१९ मध्ये गढीला वेढा पडला आणि त्यातले बहुतेक मारले गेले. घरापासून हजारो कोस दूर!

त्याच वर्षांत पेंढाऱ्यांच्या दोन सरदारांचे काय झाले, तेही मुलांना सांगितले. करीमखान हरल्यावर माळव्यातल्या जावद गावात लपला होता. तिथून पायी निसटला आणि अखेर फेब्रुवारी १८१८ मध्ये माल्कमला शरण गेला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. ज्याच्या नावाने गावे ओस पडत, तो जमीनदार होऊन राहिला.

दुसरा चितू. तोही बोलणी करायला भोपाळपर्यंत गेला होता. पण दिलेल्या शब्दावर त्याचा भरवसा बसेना. झोपेतसुद्धा तो "काला पानी, काला पानी" असे पुटपुटे, असे माल्कमने लिहून ठेवले आहे. तो पळाला, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांना जाऊन मिळाला. १८१९ मध्ये अशीरगडाने त्याला आत घेतले नाही आणि जवळच्या जंगलात वाघाने त्याला मारले.

दोघांच्याही हातून लोकांवर जुलूम झाला होता, हे विसरता येत नाही. ज्यांची घरे लुटली गेली, त्यांना गोरखपूरची जमीन अन्यायच वाटली असेल. तरीही एकाची तलवार कायमची खाली राहिली आणि दुसऱ्याची राहिली नाही, हा फरक कशाने पडला? आम्हाला वाटते, जमिनीने आणि भरवशाने. हलाल रोजी हवी आणि दिलेला शब्द पाळला जाईल याची खात्रीही हवी. एक असून दुसरी नसेल, तर माणूस पुन्हा जंगलाकडे पळतो.

चंद्रपूर ओलांडले की गडचिरोली लागते. तिथे शस्त्र खाली ठेवणाऱ्या नक्षलवाद्यांसाठी २००५ पासून सरकारची योजना आहे. घर, पैसा, काम देता येते. पण शेजाऱ्याने दारात उभे करायचे की नाही, हे कुठल्याही योजनेत लिहिता येत नाही. ते गावाला आणि आपल्यासारख्या घरांनाच ठरवावे लागते.