लुईस यांचं देणं

विल्यम हेन्री लुईस हे नाव वकिलीची सनद मिळाल्यावरही बरीच वर्षं मला ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या कायद्यांवर वाचताना ते समोर आलं, तेही खेळाडू म्हणून. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या पीटीच्या तासापुरता.

लुईस 1868 मध्ये व्हर्जिनियात जन्मले. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. 1891 मध्ये ते ॲमहर्स्ट कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कप्तान झाले. हा फुटबॉल आपला नव्हे; चेंडू काखोटीला मारून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. हार्वर्डला कायदा शिकताना ते फळीच्या मध्यभागी खेळत. तिथे दणकट गडी लागतो. लुईस त्यामानानं हलके, पण चपळ. 1892 आणि 1893, दोन्ही वर्षी देशातल्या निवडक अकरांत त्यांचं नाव आलं. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

अशा माणसाची दाढी करायला केंब्रिजच्या एका न्हाव्यानं नकार दिला. तिथे मी थबकलो. माझ्या आजोबांना केस कापायला तालुक्याला जावं लागे. घरात ही गोष्ट निघाली की सगळे गप्प होत आणि विषय तिथेच मिटे. लुईस यांनी मात्र बटलर विल्सन या वकिलाला सोबत घेऊन मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचा पिच्छा पुरवला आणि समान वागणुकीच्या कायद्यात न्हाव्याची दुकानं घालून घेतली.

मग मी घटना समितीतली 29 नोव्हेंबर 1948 ची चर्चा पुन्हा काढली. आजच्या 15व्या कलमातल्या दुकानात सेवा देणारा कोणीही येतो, असं बाबासाहेब तिथे स्पष्ट करतात. परीक्षेसाठी घोकलेलं ते कलम आमच्या घरचं निघालं. साक्षीदार फिरतात म्हणून भेदभावाची असली प्रकरणं मी टाळत असे. ती घेऊ लागलो.

लुईस पुढे केंब्रिजच्या नगर परिषदेत आणि मग राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले. तिथे एकच वर्ष टिकले. पुढच्या निवडणुकीत पडले. 1903 मध्ये सरकारी वकील झाले. हार्वर्डच्या संघाला शिकवणंही चालूच होतं. खेळात तेव्हा फार हाडं मोडत. 1906 च्या नियमबदलात दोन फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा ठेवायचं ठरलं, ती सूचना त्यांचीच मानली जाते. प्रकरण हाती आलं की माणसं भिडतात नेमकी कुठे, हे आधी बघायची सवय मला त्यांच्यामुळे लागली.

1911 मध्ये ते केंद्राचे सहायक ॲटर्नी जनरल झाले. त्याच सुमारास वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेनं, ते कृष्णवर्णीय असल्याचं कळताच, त्यांचं सदस्यत्व काढायचा घाट घातला. ॲटर्नी जनरल विकरशॅम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सदस्यत्व वाचलं, पण यापुढे अर्जात वंश लिहावा, असा ठराव झाला. एवढ्या मोठ्या माणसाच्या पदरातही अर्धाच निकाल पडला! एका तडजोडीनंतर वकिली सोडायच्या विचारात होतो, तेव्हा हेच आठवून मी अपिलाचे कागद काढले.

1 जानेवारी 1949 रोजी बोस्टनमध्ये ते वारले. माझ्याकडे येणारी ज्युनिअर मुलं निकालावर खचली की मी त्यांना लुईस सांगतो. मग अपिलाची मुदत किती उरली, ते मोजायला बसवतो. फेड म्हणून एवढंच जमतं.