पिकअपचे पायदान

साकोली तहसिलीत ज्याच्या घरी धानाची शेती आहे, आणि त्या शेतीचा बारदाना, खताच्या गोण्या, पाण्याचे इंजिन व प्रसंगी सारा परिवार ज्याला एकाच वाहनातून न्यावयाचा असतो, त्याला दुहेरी कॅबिनच्या पिकअपवाचून गत्यंतर नाही, असे माझे मत निवृत्तीनंतर शेती पाहू लागल्यापासून दृढ झाले आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा व आता ५३ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावातून जातो, आणि त्यावरून कोणतीही मोटार सुखाने धावते. परंतु तो सोडून शिवणीबांधच्या बाजूस किंवा नागझिऱ्याच्या रानालगतच्या पिटेझरीकडे वळावे, आणि तेथून एखाद्या पांदणीत शिरावे, म्हणजे बांध्यांच्या धुऱ्यांवरून पोट न घासता पार होईल असेच वाहन हवे, याची खात्री पटते. पिकअप उंच असते ती याचसाठी. मजबूत लोखंडी चेसिस, तिच्याखाली कमानीचे पाटे आणि तिच्यावर रबरी गट्टूंच्या आधाराने बसविलेली कॅबिन, अशी ही तिमजली रचना चिखलातून तारून नेते खरी, पण अंगणात उभ्या असलेल्या वृद्ध माणसाला मात्र ती गढीच्या दारासारखी दुर्गम वाटते.

आमच्या अंगणात फूटपट्टी लावून पाहिले, तेव्हा जमिनीपासून कॅबिनच्या तळापर्यंतची उंची सव्वीस इंच भरली. शाळेच्या इमारतीची पायरी सहा-सात इंचांची असते, हे ध्यानी घेतले म्हणजे मातोश्रींकडून आम्ही एका दमात चार पायऱ्या चढण्याची अपेक्षा करीत होतो, असाच त्याचा अर्थ होतो. त्या लुगडे नेसणाऱ्या असल्यामुळे कासोट्याने त्यांच्या पावलाला मोकळीक होती, पण गुडघा वळत नव्हता. सुनांचे गुडघे धडधाकट होते, पण गोल पातळात ढांग पडत नव्हती. आणि खताची गोणी खांद्यावर घेऊन मागच्या हौद्यात चढणाऱ्या गड्याला चाकाच्या टायरवर पाय देण्याची सवय जडली होती, जी पावसाळ्यात केव्हाही हाडे मोडू शकते. तेव्हा गाडीस पायदान बसवावे, असा घरात एकमताने ठराव झाला, आणि त्याची तजवीज करण्याचे काम, रिकामा माणूस म्हणून, माझ्याकडे आले.

पायदान ही काही नवी कल्पना नव्हे. घोडागाडीला ते असेच, आणि १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला तर दोन्ही चिखलरोधकांना जोडणारी लांबलचक फळीच होती. पुढे मोटारींची शरीरे रुंद व बुटकी होत गेली, तशी १९४० च्या सुमारास ती फळी सामान्य मोटारींवरून नाहीशी झाली. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीस जीप जुळविण्यास प्रारंभ केला, ती तर युद्धासाठी घडविलेली. उडी मारून आत बसणाऱ्या शिपायाच्या सोयीची. आज त्याच घराण्यातील व त्याच्या स्पर्धकांच्या उंच गाड्यांत आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांनी चढावयाचे असते, म्हणून जुनी फळी नव्या रूपात बाजारात परतली आहे.

तो बाजार पाहण्यासाठी नागपूरला गेलो. दुकानात भिंतीवर ओळीने टांगलेली पायदाने पाहून प्रथमदर्शनी डोळे दिपले. चकचकीत पोलादाच्या गोल नळ्या, काळ्या रंगाच्या चपट्या पट्ट्या, रबराचे ठिपके बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या फळ्या, आणि दार उघडताच विजेच्या मोटारीने आपोआप खाली येणारे एक पायदान, जे पाहून माझ्या चालकाला परमानंद झाला. दुकानदाराने नळीस लोहचुंबक लावून, तो चिकटत नाही सबब माल अस्सल ३०४ दर्जाचा आहे, असे बयान केले. आमच्याच जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते त्या मँगेनीजची भर घालून, निकेल कमी करून बनविलेले २०२ दर्जाचे पोलादही चुंबकास बहुधा दाद देत नाही, आणि गंज मात्र लवकर धरते, हे मला ठाऊक असल्यामुळे त्या साक्षीपुराव्याचा माझ्यावर विशेष परिणाम झाला नाही. शिवाय मातोश्रींनी निघतानाच आपली अट सांगून ठेवली होती : ‘पाय ठेवाले रुंद जागा पायजे बापू, चमक पाहून का करू?’

या अटीच्या कसोटीवर दुकानातील बहुतेक माल उतरेना. गोल नळीवर पावलाचा फक्त मध्य टेकतो. वहाण ओली असली की ती निसटते. ॲल्युमिनियमच्या फळीवर पाऊल पुरे बसते, पण ती फळी भरीव असल्याने पुढच्या चाकाने उडविलेला गाळ तिच्यावर साचतो, आणि रोवणीच्या दिवसांत रबराच्या ठिपक्यांमध्ये चिखल भरला की ती फळी आणि शेणाने सारवलेली ओली भुई यांत फरक उरत नाही. आपोआप उतरणाऱ्या पायदानाच्या बिजागऱ्यांत तोच चिखल शिरला म्हणजे काय होईल, याचा विचार करून चालकाचा आनंद मला नाइलाजाने मोडावा लागला. दोन्ही टोकांना प्लास्टिकची टोपणे मारलेल्या नळीत पाणी शिरते आणि निघण्यास वाट नसली तर ती आतून कुजते, हेही तेथेच एक जुना नमुना हाती घेऊन हलविल्यावर, त्यातील खळखळ ऐकून, कळले.

रिकाम्या हाताने परतलो आणि सेंदुरवाफ्याच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीखाली सतरंजी पसरून, पाठीवर निजून, पुष्कळ वेळ चेसिसचा मुलाहिजा केला, आणि बाहेर येऊन पहिला हुकूम दिला : ‘गुरुजी, चेसिसले वेल्डिंग मारू नोका. गाडी चालते तवा ते लवते, अन् जिथं टाका देला तिथूनच फाटते.’ त्याचे म्हणणे यथार्थ होते. चेसिस ओझ्याखाली व खड्ड्यांतून पिळवटली जाण्यासाठीच घडविलेली असते. डाग दिल्याने तेथील पोलादाचा गुण बिघडतो. तशीच चेसिसच्या वरच्या व खालच्या काठाला नवी भोके पाडण्यासही त्याने हरकत घेतली, आणि कारखान्यानेच मधल्या भिंतीत ठेवलेली भोके शोधून त्यांतून बोल्ट टाकण्याचे ठरविले. पायदानाचे एक टोक चेसिसला आणि दुसरे कॅबिनला, असेही त्याने करू दिले नाही, कारण कॅबिन रबरावर वेगळी डोलते आणि दोघींच्या ओढाताणीत मधली पट्टी तुटते.

माप घेताना आणखी एक विचार उपयोगी पडला. रिकाम्या गाडीवर उंची ठरविणे व्यर्थ. हौद्यात धानाची पोती भरली की पाटे दबतात. म्हणून भरलेली गाडी उभी करून, पायदान जमिनीपासून तेरा इंचांवर येईल असे निश्चित केले : खालून चढणाऱ्याला अर्धी चढण मिळावी, आणि धुरा ओलांडताना दोन चाकांच्या मधोमध लोखंड आपटू नये, या दोन परस्परविरोधी मागण्यांचा तो समझोता होता. रुंदी सहा इंच ठेवली, पण टायरच्या रेषेबाहेर काहीही जाऊ दिले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत, आणि २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने पुढच्या बाजूच्या संरक्षक दांड्यांविरुद्ध कारवाईचे आदेश राज्यांना दिले होते, हे लक्षात ठेवून पायाची सोय दुसऱ्याच्या नडगीची गैरसोय होऊ नये, एवढी खबरदारी घेतली.

पृष्ठभागासाठी उभ्या लोखंडी पट्ट्यांची दातेरी जाळी निवडली. गाळ तिच्यातून खाली गळून जातो आणि दाते तळव्याला धरून ठेवतात. अनवाणी पावलाला ते किंचित बोचतात, एवढाच दोष. लाल ऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा रंग, इतकाच तिचा साजशृंगार. त्याबरोबर दाराच्या आतल्या खांबावर एक मूठ बसवून घेतली, कारण हाताला आधार नसेल तर पायाला दिलेला आधार अर्धाच कामाचा होतो.

राहिला लांबीचा प्रश्न, आणि खरा वाद त्यावरच झाला. चालकाला समोरच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत अखंड फळी हवी होती, कारण गाडीला तीच शोभा देते. मी प्रत्येक दाराखाली दीड फुटाचा तुकडा आणि हौद्याच्या मागे गड्यांसाठी एक वेगळी पायरी, यापलीकडे जाण्यास राजी झालो नाही. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक व दंडार असते, आणि अशा दिवसांत अखंड पायदानाच्या गाडीला दोन्ही बाजूंनी पोरे लोंबकळतात. चालकाने नाही म्हटले तरी मागून उडी मारून चढतात. दाराखालच्या आखूड तुकड्यावर चढता येते, पण दार लावल्यावर तेथे उभे राहून धरण्यासारखे बाहेर काही उरत नाही, कारण मूठ आतल्या बाजूस आहे. गेल्या मंडईस काही तरुणांनी तसा प्रयत्न केला, दोन पावले गाडीबरोबर धावले, आणि हसत मागे राहिले. चालक अजून अधूनमधून शोभेचा विषय काढतो. त्याला मी मातोश्रींना गाडीत बसवून आणण्याचे काम सांगतो. आता त्या कोणाचा हात न धरता चढतात, आणि त्यांना खाली उभे राहून हात देण्याचे त्याचे पूर्वीचे काम वाचले आहे, याबद्दल त्याची तक्रार नाही.