टपावरचा पोचा

गेली दोन वर्षं माझे बरेचसे वीकांत एका गाडीखाली आडवं पडून गेले आहेत. गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८२ चं मॉडेल. आमच्या घरात मात्र तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. ती 'फियाट'. आज्जीच्या तोंडी 'फ्याट'.

कार्यक्रम ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री पुण्यातून बस, सोलापूर-उमरगा करत पहाटे किल्लारी, दोन दिवस पाने-पक्कड, रविवारी रात्री परत. सोमवारच्या स्टँडअपमध्ये माझी नखं काळी. "एवढ्या पैशात सेकंडहँड स्विफ्ट आली असती रे," असं टीममधल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकवलंय. आली असती की. पण स्विफ्ट उघडून बसलो तर मला काय कळणार? तिथे सगळं सेन्सर आणि ईसीयूच्या पोटात.

ज्यांनी ही गाडी फक्त मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पाहिली, त्यांच्यासाठी थोडक्यात. वालचंद हिराचंद, म्हणजे आपल्या सोलापूरचे, यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर 'अकराशे' बनायला लागली, आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. तिथे टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो विषयही संपला. माझ्यासारख्यांचा एक फायदा झाला तो असा, की भंगारात निघालेल्या टॅक्स्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात मिळायला लागले. उरलेलं नाना पेठेत, आणि तिथेही नाही मिळालं तर जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी. रविवारी मी गाडीखाली असतो, त्यामुळे बुधवारी 'डेंटिस्टकडे जायचंय' असा मेल टाकावा लागतो.

आमची फियाट वीस वर्षं पत्र्याच्या आडोशाला उभी होती. आजोबा २००४ मध्ये गेले, त्यानंतर कुणी चालवलीच नाही. लहानपणी मी त्यात बसून तोंडाने हॉर्न वाजवायचो. मागच्या सीटखाली कोंबडी अंडी घालायची. इंजिन जाम. प्लग काढून चारही भोकांतून तेल सोडलं आणि पंधरा दिवस वाट पाहिली. पुढच्या वीकांताला पुढच्या पुलीला पाना लावून हलकेच जोर दिला, तर हललं! पाव फेरा, मग अर्धा. प्रॉडक्शन सर्व्हर परत उठल्यावरही एवढा आनंद झाला नव्हता.

मग पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. या गाडीत ठिणगी पडते ती दोन छोट्या टोकांमधल्या फटीमुळे, आणि ती फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फट चुकली तर गाडी खोकते. लॉग नाहीत, एरर कोड नाहीत. कान लावायचा, बस्स.

पेट्रोलचा किस्सा आमच्याच भागाचा म्हणावा असा आहे. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. ते मोठ्या प्रमाणावर उसातून येतं, आणि ऊस आमच्या शिवारातून. जुन्या गाड्यांच्या रबराला हे इथेनॉल मानवत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो, नळ्या चिरतात. म्हणजे बांधापलीकडच्या उसानेच आमच्या फियाटचा घात करायचा! सगळे रबरी भाग बदलून इथेनॉल सोसणारे टाकले. पाण्याची गंमत वेगळीच. रंगाच्या आधी पत्रा वॉटर पेपरने घासायचा तर बादल्या लागतात. २०१६ मध्ये ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एप्रिलमध्ये गाडी घासत बसलो तर लोक काय म्हणतील, म्हणून ते काम पावसाळ्यावर ढकललं. असो.

पत्र्याच्या कामाला उमरग्याचे एक मिस्त्री येतात. वय साठीच्या पुढे. ते मला 'विंजिनिअरसाहेब' म्हणतात आणि त्यात किती आदर असतो ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी टपावर हात फिरवला आणि म्हणाले, "हा पोचा तेवढा काढू. अस्तर काढलंय तर आतून ठोकला की बसतोय जागेवर. तासाचं काम."

तर हा पोचा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं. जुन्या किल्लारीतली घरं जाडजूड दगड-मातीच्या भिंतींची, वर लाकूड आणि मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार. पण हादरा बसल्यावर तेच सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. परिसरातली जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आमच्या घरातली तिघं. पप्पा तेव्हा वीस वर्षांचे, विसर्जन आटोपून दुकानाच्या ओट्यावर झोपले होते म्हणून वाचले. फियाट दुकानाशेजारी उभी होती. शेडचा खांब तिच्या टपावर पडला. पोचा आला, काच फुटली, पण गाडी सुरू झाली. त्या दिवशी पावसात पप्पांनी उमरग्याला जखमींच्या खेपा केल्या. किती, ते सांगत नाहीत.

नंतर तात्पुरत्या शेडमध्ये झोपायला आज्जी तयार नव्हती. डोक्यावर काहीही नको म्हणायची. कित्येक रात्री ती फियाटमध्ये झोपली. कारण विचारलं तर म्हणायची, "हिच्यावर एकदा पडून झालंय. पेललंय हिनं."

मग गाव उठलं. अशी बावन्न गावं नव्या जागी बसवली. रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, आणि जमिनीप्रमाणे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं. आम्हाला ७५० वालं मिळालं. माझा जन्म त्यानंतरचा. मला माहीत असलेल्या किल्लारीत सगळं नवं आहे. घर, शाळा, गल्ली, गल्लीतली झाडंसुद्धा. पुण्यात मित्रांच्या घरी पणजोबांचा पितळी कंदील, आजीचं जातं असलं काय काय असतं. आमच्याकडे भूकंपाआधीची एकच वस्तू आहे. ३.९३ मीटर लांब, १.४६ मीटर रुंद.

जुन्या गाड्यांच्या नादातले लोक 'ओरिजिनल'ला फार मानतात. कारखान्यातून निघाली तशी गाडी दिसली पाहिजे, स्क्रूसुद्धा त्याच साच्याचे. मीही सुरुवातीला तसाच होतो. पण ओरिजिनल म्हणजे कुठल्या तारखेचं? कुर्ल्यातून १९८२ मध्ये निघालेली गाडी माझ्या घरातल्या कुणाचीच नव्हती. आजोबांनी ती १९८८ मध्ये सेकंडहँड घेतली. मला जी ओळखीची आहे ती पोचा पडलेली.

मिस्त्रींना थांबायला सांगितलं आणि घरात विचारलं. वाटलं होतं आज्जीच्या डोळ्यात पाणी येईल. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "काढ की. नीट दिसंल गाडी." बस्स, एवढंच. पुन्हा शेंगा.

पप्पा पोच्याबद्दल काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मी मागच्या सीटचं रेक्झिन पुसत बसलो होतो. गाडीतला सगळ्यात चांगला टिकलेला ओरिजिनल भाग तोच, शिवणसुद्धा कारखान्यातली. असं रेक्झिन आता शोधूनही मिळत नाही. पप्पा आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही सीट बदल."

"पप्पा, ही तर ओरिजिनल आहे..."

"स्प्रिंगसकट बदल. आणि जुनी घरात ठेवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीट सोडवली. पप्पांनी ती स्वतः उचलून टेम्पोत टाकली. कुठे नेली ते मी विचारलं नाही. आता मागे लातूरहून शिवून आणलेली तपकिरी सीट आहे. कुठल्याही स्पर्धेत तिच्यावर गुण कापले जातील.

पोचा मी ठेवला. तो ठेवावा असं आमच्यात वाटलेला माणूस एकच, आणि नेमका त्यानेच भूकंप पाहिलेला नाही. हे विचित्र आहे, मान्य आहे. पण ज्यांनी पाहिलाय त्यांना खूण लागत नाही, मला लागते. मिस्त्री मात्र नाराज झाले. पोच्यावर एकसारखा रंग चढवायला दुप्पट मेहनत, आणि वर बघणारे म्हणणार मिस्त्रीला पत्रा बसवता आला नाही. शेवटी घासून, रेड ऑक्साइड मारून, जुन्याच पांढऱ्या रंगाचे हात दिले, पण "माझं नाव सांगू नका" या अटीवर. म्हणून इथेही लिहिलेलं नाही.

कागदपत्रांचं काम सुरू आहे. पंधरा वर्षांपुढच्या कारच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना १०,०००. शिवाय पर्यावरण कर. 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावी तर २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, म्हणजे २०३२ पर्यंत थांबा. आणि ती नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. पप्पांना ती बाजाराला न्यायचीय, त्यामुळे ते नकोच.

आता राहिलंय ते वायपरची मोटर, आणि मागच्या डाव्या दाराची काच वर-खाली करायचं हँडल. बाकी तिन्ही आहेत, हेच नाही. कुर्ला, नाना पेठ, जुना बाजार, तिन्ही पालथे घातले. कुणाच्या घरी माळ्यावर पडलं असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन. जाड क्रोमवालं हवं, प्लॅस्टिकचं नको.