सायकलवरून पाहिलेल्या दिल्लीच्या भिंती

दिल्लीला जाऊन आलेल्या माणसाला लोक लाल किल्ला, कुतुबमिनार आणि जामा मशीद एवढेच विचारतात. २०२२च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीनला उतरलो, तेव्हा आमच्या यादीतही हेच होते. शेवटची एक ओळ तेवढी अब्बांनी घातलेली होती. निघताना ते म्हणाले होते, "लोधी कॉलनीत म्हणे भिंती रंगवल्यात. बघून या आणि काम कसं आहे ते मला सांगा."

अब्बा मिरजेतले जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळांच्या भिंती यांवर त्यांनी चाळीस वर्षे ब्रश चालवला. मराठी, उर्दू आणि इंग्रजी अक्षरे त्यांच्या हातात सारखीच बसली होती. चेहरा मात्र त्यांनी कधी काढला नाही. कुणी नटाचे चित्र मागितले, तर ते अदबीने दुसऱ्या पेंटरचे नाव सांगत. आपल्याकडे फुले, वेल आणि हर्फ, बस्स. मग फ्लेक्स आले. दोन तासांत छापून मिळणारी पाटी सोडून दोन दिवस थांबायला गिऱ्हाईक तयार होईना. ब्रश धुऊन डब्यात गेले, ते तिथेच राहिले. अब्बा त्याबद्दल तक्रार करत नाहीत. फक्त बाजारातून जाताना वर पाहत नाहीत.

खालाजानचे घर बस्ती निजामुद्दीनमध्ये. तिथून लोधी कॉलनी जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. रिक्षाने गेलो तर प्रत्येक भिंतीपाशी थांबणे जमणार नाही आणि पायी धाकटा दमेल, म्हणून खालूंनी सायकलींचा तोडगा काढला. दोन घरातल्या, दोन भाड्याच्या. आम्ही शेवटची सायकल कधी चालवली होती ते आठवत नव्हते. पहिल्या वळणावर हँडल डगमगले, मुले मोठ्याने हसली आणि मग पाय आपोआप फिरू लागले.

नोव्हेंबरमधली दिल्लीची हवा धुरकट. आम्ही तोंडाला मास्क लावून नाश्त्यानंतर निघालो आणि लोधी रोडवरून आत कॉलनीत वळलो. इंग्रजांनी १९४०च्या दशकात सरकारी नोकरांसाठी बांधलेली ही वसाहत. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, उंच कमानी आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या मोठ्या सपाट भिंती. २०१५-१६पासून स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने देशोदेशीच्या कलाकारांना बोलावून या भिंती रंगवून घेतल्या. आज खन्ना मार्केट ते मेहरचंद मार्केट या पट्ट्यात पन्नासहून अधिक चित्रे आहेत. तिकीट नाही, फाटक नाही, वेळेचे बंधन नाही. चित्राखालीच कुणी भाजी निवडत बसलेले असते, कुणाचे कपडे वाळत असतात.

सायकलचा फायदा लगेच कळला. एखादे चित्र भावले की एक पाय जमिनीवर टेकला, झाले. मेक्सिकोच्या सेनकोए या कलाकाराचे रंगीत पक्षी मुलीला इतके आवडले की ती तीनदा मागे वळून आली. सिंगापूरच्या यिप यू चाँग यांनी इथल्याच वस्तीचे रोजचे जगणे भिंतीवर उतरवले आहे. खरा रस्ता कुठे संपतो आणि चित्रातला कुठे सुरू होतो, यावर दोन्ही मुलांचा वाद झाला. एका कमानीपाशी धाकट्याच्या सायकलची चेन पडली. समोरच्या घरातल्या एक वयस्कर बाई हात पुसायला जुने फडके घेऊन आल्या. चित्रांबद्दल विचारले, तेव्हा म्हणाल्या, "चित्र छानच आहे. पण फोटो काढणारे आमच्या खिडकीतही डोकावतात हो." आम्ही मोबाईल खिशात ठेवला. वाचकांपैकी कुणी गेलात, तर एवढे ध्यानात असू द्या. ती भिंत सर्वांची असली, तरी तिच्यामागे कुणाचे तरी घर आहे.

आमचे डोळे मात्र अक्षरे शोधत होते. फ्रान्सच्या लेक आणि सोवात या जोडीने हनीफ कुरेशी यांच्याबरोबर केलेली भिंत आम्ही बराच वेळ पाहिली. हनीफ कुरेशी हे स्टार्ट इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. गुजरातमधल्या तळाजाचे, बडोद्याला कलाशिक्षण घेतलेले. या भिंतींच्याही आधी त्यांनी एक काम हाती घेतले होते. गावोगावच्या पाटी रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे गोळा करायची, त्यांचे संगणकावर वापरता येतील असे फाँट करायचे आणि त्या फाँटला त्या पेंटरचेच नाव द्यायचे. दिल्लीच्या एका पेंटरच्या अक्षरांचा फाँट 'पेंटर कफील' याच नावाने ओळखला जातो. थोरल्या मुलीने विचारले, "मग 'पेंटर दादाजान' का नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हते. अब्बांनी रंगवलेल्या पाट्यांपैकी एकीचाही फोटो आम्ही कधी काढून ठेवला नव्हता.

उर्दूचे शिक्षक म्हणून आमच्या मनात आणखी एक गोष्ट होती. २०१६मध्ये याच दिल्लीत, शाहदरा भागात, भिंतीवर उर्दू शेर लिहिणाऱ्या कलाकारांना काही लोकांनी अडवले आणि लिहिलेले पुसायला लावले, ही बातमी आम्ही वाचली होती. ज्या शहराच्या गल्ल्यांत ही भाषा वाढली, तिथेच तिची अक्षरे कुणाला खुपावीत, याचे वाईट वाटले होते. त्या दिवशी उर्दू आम्हांला भेटली ती चौकांत. रस्त्यांच्या नावांच्या फलकांवर हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चारही लिप्या एकाखाली एक होत्या. मुले प्रत्येक चौकात थांबून उर्दू ओळ मोठ्याने वाचू लागली. अर्ध्या तासात धाकट्याने इतके वाचले, जितके आम्ही त्याच्याकडून महिनाभर वाचून घेतले नसते.

मग ती भिंत आली, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. 'डाकू' या टोपणनावाने काम करणाऱ्या कलाकाराची ही भिंत. हिच्यावर रंगवलेले असे काही नाही. भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली अक्षरे आहेत आणि समोरून पाहिले तर ती वाचताच येत नाहीत. आम्ही पोहोचलो तेव्हा आभाळ धुराने भरलेले, ऊन मुळीच नव्हते. मुले हिरमुसली. "हे काय, नुसत्या पट्ट्या?" आम्ही एक फेरी मारून परत आलो. तोवर ऊन पडले होते आणि भिंतीवर शब्द उमटले होते. त्या अक्षरांच्या सावल्यांचे शब्द! काळ सारे काही बदलतो, हा या भिंतीचा विषय. तो लिहिण्याचे काम कलाकाराने सूर्याकडे दिले होते.

आम्ही तिथूनच अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "शेड कुणी मारलीय?"

"उन्हानं, अब्बा."

पाटी रंगवणारे अक्षराला उठाव यावा म्हणून एका बाजूने गडद रंगाची शेड देतात. अब्बांचा त्याबाबत कडक नियम असे. मराठी ओळ डावीकडून येते, उर्दू उजवीकडून, पण शेड दोन्हींना एकाच बाजूला द्यायची. का विचारले, तर म्हणत, "पाटीवर सूर्य दोन असतात का?" आता तेच अब्बा मोबाईलमधून म्हणाले, "दुपारी परत दाखवा. शेड सरकली असेल."

जोहरची नमाज जवळच्या मशिदीत अदा करून आम्ही पुन्हा आलो. शेड खरोखर सरकली होती. सकाळी वाचलेले शब्द तिरके होऊन लांबट दिसत होते. मुलगी म्हणाली, "मक्तबमध्ये शिकवतात ना, काठीची सावली बघून असरचा वक्त ओळखायचा. हे तसंच आहे!" आम्ही वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर सूर्य आणि काठी काढून हे शिकवले. इथे ते भिंतीवर घडताना मुलांनी स्वतः पाहिले. सायकल लावून ठेवून आम्ही चौघे फूटपाथवर बसलो. मोबाईलवर अब्बाही आमच्याबरोबर ते पाहत राहिले.

सप्टेंबर २०२४मध्ये हनीफ कुरेशी यांच्या इंतकालची बातमी आली. वय अवघे एकेचाळीस. आम्ही ती अब्बांना वाचून दाखवली. त्यांनी दुआ केली आणि विचारले, "पेंटरांच्या नावानं फाँट करायचा, तोच ना तो?" नाव त्यांच्या लक्षात राहिले होते.

त्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या नावाचा फ्लेक्स फाटला होता. नव्या फ्लेक्सचे पैसे मंजूर होते. आम्ही मुख्याध्यापकांकडून फक्त भिंत आणि आठ दिवस मागून घेतले. अब्बांनी आधी नकार दिला. हात थरथरतो, लोक काय म्हणतील. शेवटी खुर्ची टाकून बसले आणि खडूने अक्षरांच्या कडा आखून दिल्या, वर उर्दू, खाली मराठी. रंग आठवीच्या मुलामुलींनी भरला. शेडचे काम मात्र त्यांनी कुणाला दिले नाही. डब्यातला जुना ब्रश काढला आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून दोन दिवसांत ती पुरी केली.

शीनचे तीन नुक्ते थोडे वाकडे आले आहेत. पुसून पुन्हा काढू का, असे त्यांनी विचारले. मुलांनी एका सुरात नको म्हटले. यावेळी फोटो आम्ही लगेच काढून ठेवला.