रेकॉर्ड की सीडी, आणि ट्रंपेट कुणाचं?

बोईसरमध्ये जॅझ ऐकणारी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. तरीही आमच्यात दोन पक्ष आहेत. रेकॉर्डवाले म्हणतात, सीडीचा आवाज दवाखान्यासारखा असतो, स्वच्छ पण थंड. सीडीवाले म्हणतात, तुमच्या रेकॉर्डमध्ये मागे कुणीतरी सतत पापड भाजतंय. तारापूर एमआयडीसीत माझ्या शिफ्टला असलेली पंचविशीतली पोरं हे भांडण ऐकून हसतात आणि फोन पुढे करतात. "सर, सगळं यात आहे. कशाला जागा अडवताय?"

माझ्या घरी साठेक रेकॉर्ड आहेत आणि दोनशेच्या वर सीडी, म्हणजे मी दोन्ही पक्षांना चंदा देतो. या भांडणावर माझं एक मत आहे. ते शेवटी आवाजाबद्दलचं राहत नाही, पण सुरुवात आवाजापासूनच करावी लागेल.

एलपीवर एकच लांबलचक खाच असते, बाहेरून आत गुंडाळत जाणारी. खाचेच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा आवाज कोरलेला असतो, आणि सुई त्या भिंतींवर हेलकावत जाते. तबकडी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ पोचेपर्यंत जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा थोड्या खरखरतात, तार सप्तकातला सॅक्सोफोन किंचित फाटतो. हा तुमच्या मशीनचा दोष असेलच असं नाही, तो त्या पद्धतीतच आहे.

सीडीला हा त्रास नाही. ती आतून बाहेर वाचली जाते आणि लेझरखालचा वेग सारखा राहावा म्हणून तिचे फेरे हळूहळू कमी होत जातात. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर कागदावर ९६ डेसिबल. चांगल्या एलपीला ७० च्या आसपास समाधान मानावं लागतं. जॅझमध्ये हे अंतर कळतं, कारण ड्रमवर काठीऐवजी ब्रश फिरत असतो तेव्हा ऐकायचं असतं ते जवळजवळ काहीच नसतं.

मग 'रेकॉर्ड उबदार वाटते' हे खोटं का? खोटं नाही. पण ती ऊब बऱ्याचदा रेकॉर्ड कुणी, कशी कापली यातून येते. नव्वदीच्या दशकात अनेक सीडी जास्त मोठ्या वाजाव्यात म्हणून त्यांचा आवाज दाबून सपाट केला गेला. तशी सीडी आणि जुनी नीट कापलेली एलपी शेजारी ठेवली, तर एलपी जिंकणारच. तिथे हरतो तो सीडी बनवणारा माणूस.

हे झालं पुस्तकी. आता बोईसर. आमची बिल्डिंग रुळांपासून फार लांब नाही. मालगाडी गेली की खिडकीची काच बोलते, आणि सुई म्हणजे कंपन टिपण्यासाठीच बनवलेली वस्तू. तिला ट्रंपेट काय आणि मालगाडी काय, सारखंच. मी टर्नटेबल भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या लादीवर ठेवलंय, खाली रबराचे तुकडे. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे लहान लहान धक्के सुरू झाले, तेव्हा आमच्याकडे एक विनोद होता की सरांच्या घरी भूकंपमापक आहे, त्यावर कधीकधी गाणीही लागतात. पावसाळ्यात खाऱ्या, दमट हवेने कव्हरांना बुरशी धरते. सप्टेंबरअखेर सगळी कव्हरं बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावी लागतात. सीडीला यातलं जवळपास काही लागत नाही. ती कपाटात पडून राहते आणि तीन वर्षांनी लावली तरी काल ठेवल्यासारखी वाजते.

तरीही मी शुक्रवारी सुट्टी असली की पहाटेची गाडी पकडतो. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून हे सोपं झालंय. ग्रँट रोडला उतरायचं, चालत चोरबाजारातली मटन स्ट्रीट गाठायची, गठ्ठे उपसायचे. सीडीसाठी पूर्वी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं. ते २०१६ मध्ये बंद झालं. आता सीडीही भंगारातूनच निवडाव्या लागतात, पन्नास-शंभर रुपयांत. म्हणजे एके काळी रेकॉर्डला म्हातारं ठरवणारी सीडी आता तिच्याच शेजारी फूटपाथवर बसलीय.

याच फेऱ्यांत मला माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची एक जुनी एलपी मिळाली. सीडी आधीपासून होती. दोन्ही एकापाठोपाठ लावल्या आणि पहिल्याच बाजूला कानाला काहीतरी वेगळं लागलं. एलपीची पट्टी सीडीपेक्षा किंचित चढी होती. मशीन बिघडलं नव्हतं. १९५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला पहिल्या बैठकीचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा टेपचं मुख्य यंत्र थोडं हळू चालत होतं. ती टेप बरोबर वेगाने वाजवली की स्वर चढतो. एप्रिलच्या दुसऱ्या बैठकीत हा घोळ नव्हता. त्यामुळे एलपीची पहिली बाजू चढी आणि दुसरी बरोबर, असं हे तीसहून अधिक वर्षं चाललं. जगभरच्या पोरांनी त्या रेकॉर्डसोबत वाजवत जॅझ शिकताना आपली वाद्यं त्या चढ्या पट्टीला जुळवली असणार. १९९२ च्या सीडीत पहिल्यांदा वेग दुरुस्त झाला. ज्याला 'अस्सल' म्हणून आपण जपतो ती एलपी चुकीची, आणि ज्याला 'नक्कल' म्हणतो ती सीडी त्या खोलीत वाजलं त्याच्या जास्त जवळ.

मात्र काही गोष्टी एलपीनेच घडवल्या. लांब वाजणारी रेकॉर्ड १९४८ मध्ये आली. तोवर एका बाजूला तीनेक मिनिटं मिळायची, आता वीस-बावीस मिळू लागली आणि वादकांनी विचारच तेवढा लांब केला. जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'चे चार भाग आहेत, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. मधे उठून तबकडी उलटावी लागते. त्या अर्ध्या मिनिटात खोलीत जे शांत होतं, तेही मला आता त्या रचनेचाच भाग वाटतं. सीडीवर दुसरा भाग संपतो आणि तिसऱ्याचे ड्रम लगेच अंगावर येतात.

आणि एलपीचं कव्हर. बारा इंच बाय बारा इंच. मागच्या बाजूला कोण काय वाजवतंय ते छापलेलं. शास्त्रीय मैफलीत तबल्यावर कोण आहे हे विचारल्याशिवाय आपण बसत नाही, तसंच जॅझचं आहे. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये चार तुकड्यांत पियानोवर बिल एव्हान्स आहे आणि एका तुकड्यात विंटन केली. हे माहीत नसेल तर ते गाणं अचानक एवढं मोकळं का झालं ते कळत नाही. सीडीच्या पुस्तिकेत अक्षरं मुंगीएवढी झाली, पण नावं, तारखा, स्टुडिओ सगळं राहिलं, बऱ्याचदा वाढलं. फोनवर मात्र एक लहान चौकोन आणि एक नाव. बाकीचे पाच-सहाजण शोधावे लागतात.

हे परदेशी रेकॉर्डचं झालं. आपल्याकडचं जॅझ कुठे आहे? त्यातलं पुष्कळ हिंदी सिनेमात आहे. १९३०-४० च्या दशकांत ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय वादक वाजवत होते आणि गोव्याहून आलेली मुलं त्यांचं ऐकून तयार होत होती. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. तो सी. रामचंद्रांचा, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांचा, साहाय्यक झाला. 'अलबेला' (१९५१) बघा. एका गाण्यात तो आपल्या वादकांसह चक्क पडद्यावर आहे. हा सगळा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या पुस्तकात मांडलाय.

चिक पडद्यावर दिसला, कारण तो चिक होता. बाकीचे दिसले नाहीत. सिनेमाच्या रेकॉर्डवर चित्रपटाचं नाव, गायक, संगीतकार, गीतकार एवढंच छापायचे. अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्हाला 'अमर अकबर अँथनी'मधल्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे माहीत असेल. तो खरा माणूस होता, माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक आणि अरेंजर, आणि प्यारेलाल यांचा गुरू. ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार होता. आपल्याला तो विनोद वाटला. शंकर-जयकिशनच्या 'रागा जॅझ स्टाइल'सारखी (१९६८) रेकॉर्ड अपवादच. अकरा राग, सतार रईस खान, सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रंपेट जॉन परेरा, ड्रम लेस्ली गोदिन्हो. इथे वादक कोण ते आपल्याला माहीत आहे.

पालघरला माझ्या एका सहकाऱ्याची आई राहते. मूळची गोव्याची, वाढली मुंबईत. तिच्या जुन्या प्लेअरचा पट्टा तुटला म्हणून मी तो बदलायला गेलो होतो. पट्टा बसला. तिने कपाटातून एक सात इंची ईपी काढली, साठच्या दशकातल्या एका सिनेमाची, आणि सुई थेट गाण्याच्या मध्यावर टेकवली. दोन कडव्यांमधला तुकडा. खरखरीच्या आड कुठेतरी ट्रंपेट.

"हे पपांचं," ती म्हणाली. "आई रोज एवढंच लावायची."

मी तबकडी उजेडात धरली. सगळी काळी कुळकुळीत, पण मधे एक राखाडी कडी होती, केसाएवढी बारीक. तेवढीच खाच झिजली होती. बाकी गाणं त्या घरात फारसं कुणी ऐकलंच नव्हतं.

काही महिन्यांनी मटन स्ट्रीटवर मला त्याच सिनेमाच्या गाण्यांची सीडी मिळाली. मी ती घेऊन पालघरला गेलो. तोच तुकडा लावला. खरखर नव्हती, आणि ट्रंपेट सुरू व्हायच्या आधी नाकाने घेतलेला एक श्वास स्पष्ट ऐकू आला. आंटीने हात वर करून मला थांबवलं.

"परत लाव."

मी परत लावलं. चार-पाच वेळा लावलं.

"घरी रियाझ करताना असाच श्वास घ्यायचे. मला वाटायचं, तो माझ्या डोक्यात उरलाय."

मी विचारलं, "आंटी, मग आता रेकॉर्ड काढून टाकणार?"

"वेडा आहेस का? ती मम्मीची आहे."

मी त्यांना म्हटलं, मी हे लिहीन, पपांचं नाव देईन. त्यांनी मान हलवली. "नको रे. लेबलवर नाही, सीडीवर नाही. उद्या कुणीतरी म्हणेल कशावरून? मग मी काय दाखवू?" फोनवर ते गाणं शोधलं. तिथेही तीच तीन-चार नावं, रेकॉर्डच्या लेबलवरून उचललेली. म्हणून या लेखातही ते नाव नाही.

तेव्हापासून रेकॉर्ड की सीडी हा वाद मला अर्धवट वाटतो. रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांच्या खुणा राहतात, सीडीवर वाजवणाऱ्याचा श्वास सापडतो. दोन्ही ठेवा, परवडेल तितकं. पण नाव जर पहिल्यांदाच कुठे लिहिलं गेलं नसेल, तर कुठल्याही तबकडीतून ते नंतर निघत नाही.

आणि इथे तुमच्या हातातला फोन उपयोगी आहे. जॅझ लावलंत तर दोन मिनिटं काढून बास कोण वाजवतंय ते शोधा, ऐकणं बदलतं. वसईत, पालघरला, गोव्यात, गिरगावात तुमच्या ओळखीच्या कुणाच्या घरी "हे आमच्या पपांचं" असं म्हणणारं कुणी असेल, तर त्यांच्यासमोर बसा आणि फोनवर रेकॉर्ड करा. गाणं कोणतं, कितव्या मिनिटाला, वाद्य कोणतं, स्टुडिओ कुठला, शेजारी कोण बसायचं. तो पुरावा नसेल, पण साक्ष नक्कीच असेल. आंटी त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांची साक्ष मी घेतली आहे, तेवीस मिनिटांची. नाव त्यात त्यांनी स्वतःच्या तोंडाने घेतलंय, पूर्ण, गावासकट.