वयाचा रकाना

मृत्यूनोंदीची यादी हातात आली की मी आधी वयाचा रकाना बघते. कारणाच्या रकान्यावर आपल्याकडे फारशी भिस्त ठेवता येत नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांच्या बाबतीत घरच्यांनी जे सांगितलं ते: 'झोपेत गेले', 'हार्ट बंद पडलं', 'म्हातारपण'. माणूस कशाने गेला यावर वाद होऊ शकतो. पण तो गेला, अमुक दिवशी गेला आणि साधारण एवढ्या वयाचा होता, यावर सहसा होत नाही. अतिरिक्त मृत्यू मोजण्याची आमची सगळी पद्धत या तीन गोष्टींवर उभी आहे.

पद्धत सांगायला सोपी आहे. मागच्या पाच-सात वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, थंडी-पावसाचे चढउतार त्यात धरायचे, लोकसंख्येत म्हातारी माणसं वाढतायत तेही धरायचं, आणि एरवी या आठवड्यात किती माणसं गेली असती याचा अंदाज बांधायचा. प्रत्यक्ष गेली किती, ते मोजायचं. मधला फरक तो अतिरिक्त. विल्यम फार यांनी १८४७ मध्ये लंडनच्या फ्लूच्या साथीत हेच केलं होतं. युरोपातले देश आज आपापले आठवड्याचे आकडे कोपनहेगनला पाठवतात आणि तिथे वयोगटांप्रमाणे त्यांचा आलेख निघतो: चौदापर्यंतची मुलं, पंधरा ते चव्वेचाळीस, पंचेचाळीस ते चौसष्ट, आणि पुढे दहा-दहा वर्षांनी पंच्याऐंशीच्या पुढच्यांपर्यंत.

वयोगट पाडल्याशिवाय एकूण आकड्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. मुंबईत २०१९ साली सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले गेले आणि २०२० साली सुमारे १ लाख १२ हजार. वजाबाकी केली की एकवीस हजार येतात आणि बातमी होते. पण त्याच वर्षी लोकल कित्येक महिने सर्वसामान्यांसाठी बंद होती, रस्ते ओस पडले होते. रुळांवर आणि रस्त्यांवर ज्यांचा एरवी जीव जातो, ते बहुतेक तरुण पुरुष असतात. म्हणजे एका वयोगटात काही माणसं वाचली आणि दुसऱ्या वयोगटांत त्याहून कितीतरी जास्त गेली. एकूण आकड्यात वाचलेले आणि गेलेले एकमेकांत वळते होतात. कोरोनाच्या साथीने प्रत्यक्षात किती नेले हे त्या एकवीस हजारांतून कळत नाही.

देशाच्या आकड्यांबाबत दुसरीच अडचण. २०१९ मध्ये ७६ लाखांवर मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाखांवर, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. आपल्याकडे नोंदणी दरवर्षी सुधारत होती, त्यामुळे नोंदी वाढल्या म्हणजे तेवढे मृत्यू वाढले असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मे महिन्यात भारतात दोन वर्षांत ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला, सरकारने तो अमान्य केला, आणि सगळी चर्चा त्या एका आकड्याभोवती फिरत राहिली. मला त्या वादात वय हवं होतं. नोंदणी सुधारल्यामुळे आलेली वाढ असेल, तर ज्यांच्या नोंदी आधी सुटत होत्या त्या गटांत ती जास्त दिसायला हवी. साथीमुळे आलेली वाढ ज्यांना साथीने गाठलं त्यांच्यात दिसेल. हे दोन गट एक नसतात.

नोंदी कुणाच्या सुटतात? ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, पेन्शन नाही, विम्याची पॉलिसी नाही, तिच्या मृत्यूचा दाखला कुणाला लागत नाही. पुरुष गेला की वारसनोंदीसाठी मुलं लगेच ग्रामपंचायतीत येतात. जन्मून चार दिवसांत गेलेल्या बाळाच्या तर जन्म आणि मृत्यू दोन्हींच्या नोंदी राहून जातात. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल मांडला, तेव्हा गावोगाव जाऊन मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले. मी हे काम शिकले ते या अहवालाच्या सावलीत. शून्य ते एक या वयोगटाचा आकडा कमी दिसला की मला आनंद होत नाही, आधी काळजी वाटते.

मृत्यूंच्या वयाची नेहमीची मांडणी किती मोडू शकते, हे १९१८ च्या फ्लूच्या साथीने दाखवून दिलंय. एरवीचा फ्लू तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली जीवघेणी. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. जी माणसं गेली त्यांत वीस ते चाळीस वयाची फार होती, आणि त्यांतही बायका जास्त. आजाऱ्यांची उस्तवार करणारे तेच हात होते. पुढच्या जनगणनेत, १९२१ मध्ये, देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा थोडी कमी भरली. असं त्यानंतर या देशात कुठल्याच दशकात झालेलं नाही. पण मला खरी हादरवते ती वयाची मांडणी. घर चालवणारी पिढीच मधून खुडली गेली, हे एकूण आकडा कधीच सांगणार नाही.

हा वयाचा आकडा रजिस्टरात येतो कसा, ते बघायला मी पाटण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत बसले होते. सासूची नोंद करायला सून आली होती.

"ताई, वय काय लिहू?"

"सत्तर लिवा की, भाऊसाहेब."

ग्रामसेवकाने पेन टेकवलं नाही. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या कितीशा होत्या?"

"थोरलं पोर पाळण्यात हुतं म्हणायच्या. सतराव्या वर्षी लगीन झालं, पर तीन वर्सं पाळणा हलला न्हवता."

भूकंप डिसेंबर १९६७ चा. तेव्हा विशीच्या, म्हणजे जन्म १९४७ च्या सुमाराचा. ते २०२२ साल होतं. वय पंच्याहत्तरच्या घरात. थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६७ लिहिलेलं होतं, तेही जुळलं. त्याने पंच्याहत्तर लिहिलं. दोन मिनिटांचं काम, पण ती बाई आमच्या आलेखात एका वयोगटातून पुढच्या वयोगटात गेली आणि तिथेच ती होती.

सगळीकडे असा ग्रामसेवक नसतो. आपल्या नोंदींत साठ, पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर या वयांवर माणसांचे ढीग लागतात आणि एकसष्ट, एकाहत्तर रिकामे राहतात. सहस्रचंद्रदर्शन झालेलं असेल तर घरच्यांना वय नेमकं आठवतं. नाहीतर 'सत्तरीच्या पुढं'. आधार कार्ड आल्याने हे सुटलं असं वाटतं. पण आधारवर १ जानेवारीच्या जन्मतारखा किती आहेत बघा, आणि आपल्याकडे १ जूनच्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख माणसाला जन्मभर चिकटते आणि मरणानंतर माझ्यापर्यंत येते.

हे ढीग दरवर्षी सारखेच राहिले तर फारसं बिघडत नाही. आधीच्या वर्षांत पासष्टवर ढीग, साथीच्या वर्षातही पासष्टवर ढीग. वजाबाकीत चूक बरीचशी कटते. धोका सवय बदलते तेव्हा असतो. जी माणसं एरवी घरी गेली असती ती साथीत दवाखान्यात गेली, तिथे आधारवरून वय उतरवलं गेलं, तर ढीग हलतो, आणि आलेखात एका वयोगटात मृत्यू वाढले नि शेजारच्यात घटले असं खोटंच दिसू शकतं. म्हणून मी गटाची सीमा ढिगावर ठेवत नाही. शक्य असेल तिथे त्रेसष्ट ते सदुसष्ट असा गट धरते. म्हणजे पासष्टचा ढीग मधोमध राहतो आणि त्रेसष्टचा पासष्ट झालेला माणूस गटाबाहेर जात नाही.

वय जितकं बारीक कापावं तितके आकडे लहान होतात, आणि इथे हाताला लगाम लागतो. समजा एका तालुक्यात पंधरा ते एकोणतीस वयात आठवड्याला चार मृत्यू अपेक्षित आहेत आणि सात झाले. एखाद्या जिल्ह्यात पंच्याहत्तरीपुढच्यांचे शंभर अपेक्षित होते आणि एकशेपंच्याहत्तर झाले. दोन्हीकडे वाढ पंच्याहत्तर टक्के. पण चारचे सात एखाद्या आठवड्यात आपोआपही होतात, एक जीप दरीत गेली तरी होतात. शंभरचे एकशेपंच्याहत्तर आपोआप होत नाहीत. म्हणून तरुणांच्या गटात मी आठवडे जोडते, शेजारचे तालुके जोडते, पण त्यांना चाळिशीच्या माणसांत मिसळून मोठा आकडा तयार करत नाही. तसं केलं की तरुण दिसेनासे होतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जो तो सांगत होता की यंदा तरुण जातायत. ते तपासायचं तर एकूण मृत्यूंत तरुणांचा वाटा किती, हे बघून भागत नाही. म्हातारे दुप्पट गेले आणि तरुणही दुप्पट गेले, तर वाटा तोच राहतो आणि घरं मात्र दुप्पट उघडी पडतात. त्या वयाच्या अपेक्षित मृत्यूंच्या किती पट झाले, हेच विचारावं लागतं. पंचवीस ते चव्वेचाळीस वयातला जास्तीचा मृत्यू बहुधा मागे लहान मुलं ठेवून जातो. २०२१ मध्ये राज्याने कोरोनात एकल झालेल्या महिलांसाठी 'मिशन वात्सल्य' सुरू केलं. कुठल्या तालुक्यात किती अर्ज यायला हवेत याचा अंदाज याच गटातून बांधता येतो. अर्ज त्याहून फार कमी आले असतील, तर त्या बायकांपर्यंत कुणीतरी जायला हवं.

आता माझं सगळं लक्ष उन्हाळ्यावर आहे. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत १,३४४ अतिरिक्त मृत्यू मोजले गेले आणि त्यानंतर तीन वर्षांत तिथे उष्णतेचा कृती आराखडा तयार झाला. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ मध्ये सुमारे पंधरा हजार माणसं जास्तीची गेली, बहुतेक पंच्याहत्तरीपुढची, बरीचशी घरात एकटी असलेली. आपल्याकडे 'उष्माघाताचे बळी' म्हणून जे छापून येतात ते दवाखान्यात तसं निदान झालेले. पत्र्याच्या घरात तिसऱ्या रात्री हृदय थांबलेली आजी त्यात नसते. दुपारी बांधकामावर चक्कर येऊन पडलेला पन्नाशीचा माणूस कधी असतो, कधी नसतो. या दोघांना वेगळी मदत लागते: एकीला रात्रीचा गारवा आणि दार ठोठावणारं कुणीतरी, दुसऱ्याला दुपारची सुट्टी, तीही मजुरीसकट. कुठल्या वयात मृत्यू वाढतायत हे कळल्याशिवाय महापालिका पैसा कुठे लावणार?

कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. मेच्या शेवटच्या आठवड्याची यादी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अर्धवटच असते, आणि तोवर पाऊस आलेला असतो. त्यातही वारसांना घाई असलेल्यांची नोंद आधी येते, म्हाताऱ्या बायकांची मागाहून. म्हणून अर्धवट यादीवरची दुरुस्तीसुद्धा प्रत्येक वयोगटाला निराळी करावी लागते. यावर एक उपाय हाताशी आहे. स्मशानभूमीत आणि कब्रस्तानात मृताचं वय लिहून घेतातच. नाव नको, पत्ता नको. वय, बाईमाणूस की पुरुष, आणि तारीख एवढं रोज संध्याकाळी प्रत्येक वॉर्डातून आरोग्य खात्याला कळवलं, तर लाटेच्या चौथ्या दिवशी सांगता येईल की म्हातारी माणसं जातायत की कामकरी, आणि कुठल्या वॉर्डात. मी हे लेखी मागितलं आहे, मार्चच्या आत.